मूल्यमापनाची पायरी : नगरनियोजन आणि परिसंस्था

नगरनियोजनात परिसंस्थेचे मूल्य कसे मोजावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा पद्धतींच्या तुलनेने सुरू होते आणि तेथेच थांबते. हे मोजमाप नियोजनाच्या कोणत्या टप्प्यावर करावे, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की टप्प्याचा प्रश्न पद्धतीच्या प्रश्नाहून अधिक मूलगामी आहे. तोच आकडा सर्वेक्षणाच्या वेळी हाती आला तर आराखडा बदलू शकतो. परवानगीच्या वेळी आला तर त्याचे शुल्क होते. विवेचनासाठी मुख्यतः पुण्याच्या टेकड्यांचे उदाहरण घेतले आहे. मुंबई आणि न्यूयॉर्क ही शहरे तुलनेपुरती येतील.

प्रथम संज्ञा. एखाद्या प्रदेशातील सजीव आणि पदार्थ व ऊर्जेच्या देवाणघेवाणीने त्यांच्याशी बांधलेले निर्जीव घटक यांची मिळून होणारी व्यवस्था म्हणजे परिसंस्था. ही संकल्पना टॅन्स्ली यांनी १९३५ साली मांडली. जैवविविधता म्हणजे सजीवांमधील भिन्नता. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ती तीन पातळ्यांवर पाहावयाची असते : एका जातीच्या अंतर्गत, जातीजातींमधील आणि परिसंस्थांमधील. परिसंस्था हा साठा आहे. त्या साठ्यातून मनुष्याला सातत्याने मिळणारा लाभ हा प्रवाह आहे आणि त्यालाच परिसंस्था-सेवा म्हणतात. मूल्य आणि किंमत यांतही भेद करणे आवश्यक आहे. किंमत व्यवहारात ठरते. तिला विकणारा आणि घेणारा लागतो. मूल्य म्हणजे एखादी गोष्ट असण्याने वा नसण्याने समाजाच्या स्थितीत पडणारा फरक. तो फरक एखाद्या एककात व्यक्त करणे म्हणजे मूल्यमापन. हे एकक रुपयाच असले पाहिजे असे नाही. घनमीटर, अंश सेल्सिअस, जातींची संख्या, किंवा ‘येथे बांधकामास अनुमती नाही’ एवढाच निर्बंध, ही सर्व मूल्यमापनाची रूपे होत. या व्याख्येवरून एक गोष्ट निष्पन्न होते : प्रत्येक विकास आराखड्यात परिसंस्थेचे मूल्यमापन आधीच झालेले असते. जेथे ते उच्चारलेले नसते, तेथे ते बहुधा शून्य असते.

२००५ साली पूर्ण झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने सेवांचे चार वर्ग केले : पुरवठा, नियमन, सांस्कृतिक आणि आधारभूत. शहराच्या संदर्भात या चारांचे महत्त्व समान नाही. धान्य, लाकूड, पिण्याचे पाणी या पुरवठा-सेवा शहर मुख्यतः बाहेरून आणते. पुण्याचे पाणी खडकवासला साखळीतील धरणांतून येते. नियमन-सेवांना मात्र वाहतूक नाही. पावसाचे पाणी मुरवणे, त्याचा वेग मोडणे, उष्णता कमी करणे, धूळ अडवणे या क्रिया जेथे घडतात तेथेच त्यांचा लाभ मिळतो. या गुणास स्थानबद्धता म्हणू. भरपाईच्या बहुतेक योजना येथेच कोलमडतात, कारण कोथरूडमधील वृक्षाची सावली वाघोलीत लावलेल्या रोपाने भरून निघत नाही.

स्थानबद्धतेचे परिमाण लक्षात यावे म्हणून एक गणित मांडतो. १९९७ साली पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांमधील टेकड्यांचे सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून आरक्षित करण्यास राज्य शासनाने २०१५ मध्ये मान्यता दिली. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. म्हणून १०० मिलिमीटर पावसात या क्षेत्रावर ९ लाख ७८ हजार घनमीटर पाणी पडते. त्यातील किती अंश वाहून जाईल, हे अपवाहगुणांकावरून ठरते. गवत व झुडपांनी आच्छादलेल्या उतारासाठी हा गुणांक ०.३ आणि दाट बांधकामासाठी ०.८ गृहीत धरू. प्रत्यक्षात तो माती, उतार आणि आधीचा ओलावा यांनुसार बदलतो; शिवाय संपूर्ण क्षेत्र बांधले जाईल हे गृहीतकही टोकाचे आहे. तरी परिमाणाचा अंदाज येण्यास ते पुरे. दोन स्थितींतील फरक ४ लाख ८९ हजार घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या ४८,९०० टँकरांइतका. हे पाणी एका पावसात, काही तासांत, खालच्या ओढ्यांकडे येईल. एकदशांश क्षेत्र बांधले गेले तरी पावणेपाच हजारांहून अधिक टँकर होतात.

हे पाणी कोणाच्या दारात येते, हा प्रश्न हिशेबाच्या बाहेरचा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंतच्या वस्त्यांत मनुष्यहानी झाली. कारणे एकाहून अधिक होती : अतिवृष्टी, आक्रसलेले पात्र, उतारावरील व काठावरील बांधकामे. परंतु वर लाभ घेणारा आणि खाली हानी सोसणारा हे दोघे निराळे होते, आणि त्यांची खाती कोणत्याही वहीत एकत्र येत नाहीत. मुंबईत मिठी नदीच्या मुखाजवळील दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. तेथील भूखंडांचे उत्पन्न एका प्राधिकरणाच्या खात्यावर स्पष्ट दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कुर्ला आणि कलिना भागांत झालेले नुकसान मात्र हजारो कुटुंबांच्या खात्यांत विखुरलेले आहे. बेरीज न झालेले नुकसान नियोजनाच्या दृष्टीने अस्तित्वात नसते. मूल्यमापनाचे पहिले प्रयोजन ही बेरीज करणे होय.

मूल्याचे प्रकार शास्त्रात रूढ आहेत : प्रत्यक्ष उपयोगमूल्य, अप्रत्यक्ष उपयोगमूल्य, विकल्पमूल्य आणि अस्तित्वमूल्य. शेवटची दोन अर्थशास्त्रात अनुक्रमे वाइसब्रॉड (१९६४) आणि क्रुटिला (१९६७) यांच्यामुळे आली. त्यांच्या तपशिलात न जाता मोजमापाच्या पद्धतींकडे वळू, कारण प्रत्येक पद्धत वेगळ्या वस्तूचे माप घेते आणि ती वस्तू कोणती हे विसरले की घोटाळा होतो.

पहिली पद्धत प्रतिस्थापन-खर्चाची. निसर्ग जे काम करतो तेच यंत्राने वा बांधकामाने करण्यास किती खर्च येईल, ते मोजावयाचे. वरील पाणी साठवण्यास लागणाऱ्या टाक्यांचा खर्च हे तिचे उदाहरण. तिची अट एकच : प्रतिस्थापन खरोखर करावे लागेल अशी सक्ती हवी. दुसरी पद्धत घरांच्या किमतींवरून अनुमान काढण्याची. टेकडी दिसणाऱ्या सदनिकेला अधिक भाव मिळतो. तो अधिक भाव म्हणजे टेकडीचे मूल्य. ही पद्धत संख्याशास्त्रदृष्ट्या सुबक आहे, परंतु ती मोजते खरेदीदाराची देण्याची क्षमता. टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबास उन्हाळ्यात मिळणारा गारवा तिच्या लेखी जवळजवळ शून्य आहे, जरी त्या कुटुंबाला त्याची गरज सर्वांत अधिक असली तरी. तिसरी पद्धत लोकांना ‘तुम्ही किती द्याल’ असे थेट विचारण्याची. तिच्या विश्वसनीयतेवरील वाद जुना असून नगरनियोजनात तिचा उपयोग मर्यादितच राहणार.

चौथा प्रकार ठोक दराचा. भारतात तो सर्वाधिक लोकप्रिय होत असल्याने त्याची तपासणी सविस्तर करावी लागेल. पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२१ साली एका वृक्षाचे मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये ठरवले. त्यातील ४५,००० रुपये ऑक्सिजनचे होते. हेतू स्तुत्य असला तरी हा हिशेब सदोष आहे. मूल्य दुर्मिळतेतून उद्भवते. वातावरणातील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के आहे आणि एखाद्या शहरातील वृक्ष तोडल्याने त्यात मोजता येईल असा फरक पडत नाही. फरक पडतो तो सावलीत, तापमानात, पाणी मुरण्यात, पक्ष्यांच्या आश्रयात. बाजारात भाव मिळालेली वस्तू म्हणून सिलिंडरमधील ऑक्सिजन हिशेबात आला आणि ज्यांस भाव नाही त्या स्थानिक सेवा दुय्यम ठरल्या. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली झालेली दुरुस्ती या तुलनेत अधिक विचारपूर्वक वाटते. तिने ५० वर्षे वा त्याहून जुन्या वृक्षांस ‘वारसा वृक्ष’ मानले आणि तोडलेल्या वृक्षाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. येथे मूल्याचे एकक वर्ष हे आहे. रुपयाहून ते निसर्गाच्या जवळचे आहे. स्थानबद्धतेचा प्रश्न मात्र त्यानेही पूर्णतः सुटत नाही.

येथवर सेवांचे मूल्य पाहिले. जैवविविधतेचे मूल्य हे त्याहून भिन्न आहे, आणि पुण्याच्या टेकड्यांवर हा भेद डोळ्यांनी पाहता येतो. या टेकड्यांची मूळ वनस्पतिसृष्टी म्हणजे गवताळ माळ आणि त्यात विरळ पानझडी झाडे. वनीकरणाच्या काळात तेथे ग्लिरिसिडिया अर्थात गिरिपुष्पाची मोठी लागवड झाली. ही मध्य अमेरिकेतून आलेली जात लवकर वाढते, गुरे तिला फारसे तोंड लावत नाहीत, आणि टेकडी अल्पावधीत हिरवी दिसते. कार्बनच्या हिशेबात ही लागवड गवताळ माळापेक्षा सरस ठरेल. सावलीच्या हिशेबातही ठरेल. परंतु गवतावर अवलंबून असलेले पक्षी, कीटक आणि पावसाळ्यात उगवणाऱ्या अल्पायुषी वनस्पती यांचे क्षेत्र तिच्यामुळे आकसते. म्हणून एखाद्या टेकडीवरील सेवांची बेरीज वाढत असताना तिची जैवविविधता घटत असणे शक्य आहे. दोहोंसाठी एकच आकडा वापरणारी पद्धत प्रथमदर्शनीच त्याज्य समजावी.

काळाचा प्रश्न राहतो. भविष्यातील लाभ आजच्या रुपयांत आणण्यासाठी वटावाचा दर लावतात. ५० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य ४ टक्के दराने सुमारे १४ रुपये आणि १० टक्के दराने ८५ पैसे येते. सोळा पटींचा हा फरक निसर्गामुळे पडलेला नसून दराच्या निवडीने पडला आहे. शिवाय इमारत पाडता येते, फोडलेली टेकडी पुन्हा रचता येत नाही. ॲरो आणि फिशर यांनी १९७४ साली दाखवले की परिणाम अपरिवर्तनीय असेल आणि पुढे अधिक ज्ञान मिळण्याची शक्यता असेल, तर निर्णय लांबवण्यालाच स्वतंत्र मूल्य असते. परवानगीच्या टप्प्यावरील कोणत्याही शुल्काच्या कोष्टकात हे मूल्य बसत नाही.

आता टप्पे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा प्रवास स्थूलमानाने असा : कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होणे, कलम २५ खाली जमिनींचे सर्वेक्षण व विद्यमान भूवापर नकाशा, कलम २६ खाली प्रारूप आराखड्याची प्रसिद्धी, कलम २८ खाली हरकती-सूचनांचा विचार, कलम ३१ खाली शासनाची मंजुरी, आणि त्यानंतर कलम १२६ खाली आरक्षित जमिनींचे संपादन. आरक्षित जमीन विहित मुदतीत संपादित झाली नाही, तर कलम १२७ अन्वये आरक्षण व्यपगत होऊ शकते. प्रचलित मूल्यमापन या साखळीच्या शेवटच्या कड्यांवर किंवा त्याही पलीकडे होते. याची दोन उदाहरणे पुरेत.

पहिले उदाहरण वनजमिनीच्या निव्वळ वर्तमान मूल्याचे. वनेतर वापरासाठी वनजमीन घेणाऱ्याने ते भरावे, असे गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. कांचन चोप्रा समितीच्या अभ्यासानंतर २००८ साली हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर निश्चित झाले; राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट आणि अभयारण्यासाठी पाचपट. २०२२ मधील सुधारणेने हे दर ९.५७ लाख ते १५.९५ लाखांवर आले. सर्वोच्च दरही चौरस मीटरला सुमारे १६० रुपये होतो. ज्या शहरात निवासी जमिनीचा रेडीरेकनर दर चौरस मीटरला हजारोंच्या घरात आहे, तेथे हे शुल्क कोणत्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात किरकोळ खर्चात मोडते. हे दर वनाचा प्रकार आणि घनता पाहून ठरले. वनाशेजारी चाळीस लाखांचे शहर आहे की निर्जन डोंगर, हे त्यांनी पाहिले नाही. पाचगाव-पर्वतीसारख्या शहराच्या मध्यातील वनाला त्यामुळे दूरस्थ वनाचाच भाव लागतो.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात मोठे क्षेत्र खाजगी मालकीचे आहे. मोबदला म्हणून मालकांना जमिनीच्या आठ टक्के विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर, देण्याचे ठरले. हजार चौरस मीटर टेकडीला ऐंशी चौरस मीटर. रस्त्याच्या आरक्षणाखाली गेलेल्या जमिनीस याहून कितीतरी अधिक मिळते. ‘आठ टक्के’ हा आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे? १:५ हून तीव्र उतारावर एरवीही बांधकाम निषिद्ध असल्याने मालकाचे नुकसान मर्यादित आहे, हे त्यामागचे समर्थन. म्हणजे हा आकडा मालकाचा तोटा मोजतो. शहराला टेकडी राहिल्याने होणारा लाभ ही दुसरीच राशी आहे, आणि ती कोठेही मोजलेली नाही. या दोन राशींमधील अंतरात सर्व पेच आहे. अल्प मोबदल्यामुळे मालक जमीन देत नाही. महापालिकेकडे रोख देण्यास निधी नाही. आरक्षण कागदावर राहते. आणि मधल्या काळात गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पडून पायथ्याकडून वस्ती चढू लागते. दर वाढवावा, हा मालकांचा आग्रह त्यांच्या बाजूने समजण्यासारखा आहे. परंतु अधिक टीडीआर म्हणजे शहरात अन्यत्र अधिक चटईक्षेत्र. टेकडीचे मूल्य बांधकामाच्या चलनात चुकते करण्याची ही व्यवस्था मूलतः विसंगत आहे. पुराचा बोजा ज्या खालच्या भागांवर कमी होतो, त्यांच्याकडून पर्जन्यजल-उपकराच्या रूपाने निधी उभारून रोख मोबदला देणे तर्काला अधिक धरून झाले असते.

याउलट प्रारंभीचे मूल्यमापन किती निर्णायक असते, हे मुंबईत दिसले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबईचा प्रारूप विकास आराखडा त्याच वर्षी एप्रिलमध्ये शासनाने रद्दबातल ठरवून नव्याने करावयास लावला. आक्षेपांचा मोठा भाग विद्यमान भूवापराच्या चुकीच्या नोंदींवर होता. नोंद चुकली की पुढील सर्व टप्पे चुकतात, ही गोष्ट नागरिकांनी कायदेपंडितांच्या आधी ओळखली. कांदळवनांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ साली दिलेल्या आदेशांनी रुपयांतील मूल्याचा मार्गच टाळला आणि निर्बंध घातला. निर्बंध हे मूल्यमापनाचे सर्वांत सोपे रूप असून अपरिवर्तनीय हानीच्या प्रसंगी सर्वांत योग्यही आहे.

रुपयांतील मूल्यमापन यशस्वी झाल्याचे उदाहरण म्हणून न्यूयॉर्कचा दाखला वारंवार दिला जातो. कॅट्सकिल व डेलावेअर पाणलोटातून येणाऱ्या पाण्यासाठी गाळण प्रकल्प बांधण्याचा अंदाज सहा ते आठ अब्ज डॉलर होता. त्याऐवजी १९९७ च्या करारान्वये पाणलोटाचे संरक्षण अतिशय कमी खर्चात स्वीकारण्यात आले. दाखला देणारे एक गोष्ट सहसा वगळतात. १९८९ च्या संघीय नियमाने गाळण सक्तीचे केले होते, आणि संरक्षण पुरेसे असल्यास सूट मिळणार होती. सक्ती आधी होती, म्हणून तुलनेस अर्थ आला. त्याच शहराच्या क्रोटन जलप्रणालीस ही सूट टिकवता आली नाही आणि तेथे गाळण प्रकल्प बांधावाच लागला. पुण्यात पर्जन्यजल टेकडीवर न मुरल्यास ते अन्यत्र साठवण्याची सक्ती शहरभर कोणावरही नाही. म्हणून ४ लाख ८९ हजार घनमीटरांचे वरील गणित कितीही अचूक केले तरी ते निर्णयास बांधत नाही.

तेव्हा सर्वेक्षणाच्या टप्प्यावर कोणते मूल्यमापन शक्य आहे? पुणे प्रांतात याचा जुना धडा उपलब्ध आहे. कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल यांनी जमिनीचे निव्वळ उत्पन्न सूक्ष्म गणिताने काढून सारा ठरवण्याचा प्रयत्न केला. गणित शास्त्रशुद्ध होते. मुळातील माहिती खोटी वा अपुरी निघाली, आणि आकारणी कोसळली. त्यानंतर १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. त्यांनी मातीचे नऊ वर्ग पाडून आण्यांत सापेक्ष प्रत ठरवली. ही पद्धत टिकली, कारण शेतात उभा राहिलेला कारकून ती वापरू शकत होता आणि शेतकरी ती तपासू शकत होता. मात्र त्या व्यवस्थेत लागवडीस अयोग्य भाग पोटखराबा म्हणून आकारणीतून वगळला गेला. टेकडीचा उतार, ओढ्याचे पात्र, खडकाळ माळ हे सारे त्यात गेले. महसुलापुरते ते योग्यच होते. नगरनियोजनाने तीच नोंद उचलली आणि महसुली शून्य हे नियोजनातील शून्य झाले.

यावरून उपाय सुचतो तो असा. विद्यमान भूवापर नकाशात प्रत्येक अविकसित तुकड्यास तीन स्वतंत्र प्रती द्याव्यात : जलधारणेची, उष्णतानियमनाची आणि जैवविविधतेची. या तिन्हींची बेरीज करू नये. ग्लिरिसिडियाचे उदाहरण त्याचे कारण आहे. पहिल्या प्रतीसाठी उतार, माती व आच्छादन, दुसरीसाठी पृष्ठतापमानाची उपग्रहीय मोजणी पुरते. तिसरीसाठी २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ४१ खालील समित्यांच्या लोकजैवविविधता नोंदवह्या आधारभूत धराव्यात. आज त्या बहुतेक ठिकाणी स्वतंत्र दप्तर म्हणून राहतात, आराखडाकाराच्या मेजावर येत नाहीत. कोणत्याही एका प्रतीत सर्वोच्च वर्ग मिळालेला तुकडा निर्बंधाखाली जावा. मधल्या वर्गांसाठीच रुपयांतील तुलना, मोबदला आणि देवाणघेवाण खुली असावी.

यावर एक तात्त्विक आक्षेप येईल : निसर्गाची प्रतवारी करणे हेच त्याला वस्तू मानणे होय. आक्षेपात तथ्य आहे. परंतु आराखडा जमिनीची प्रतवारी करतोच. निवासी, वाणिज्य, औद्योगिक ही प्रतवारीच आहे. तिच्यात सामील न होण्याने टेकडी पवित्र राहत नाही, ‘रिकामी जागा’ ठरते. दुसरा आक्षेप प्रशासकीय आहे : एवढे कुशल मनुष्यबळ कोठून आणावे? इंदापूरच्या कारकुनांचे उदाहरण त्यास पुरेसे उत्तर आहे. नऊ वर्ग शिकता येतात.

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. त्यांतील अनेक गावांच्या हद्दीत टेकड्या व ओढ्यांचे उगम आहेत. विकास आराखड्याची सुधारणा कायद्याप्रमाणे वीस वर्षांतून एकदा अपेक्षित असल्याने सर्वेक्षणात जे सुटेल ते पुढील पिढीपर्यंत सुटलेलेच राहील. निसर्गसौंदर्याच्या क्षेत्रांचे जतन आणि पूरनियंत्रण हे विषय अधिनियमाच्या कलम २२ मध्ये पूर्वीपासूनच आहेत. वर सांगितलेल्या तीन प्रती कलम २५ खालील नकाशात नोंदवण्यास अधिनियमात दुरुस्ती लागत नाही. नियोजन प्राधिकरणाचा एक ठराव पुरतो.